तीन नंबरचा हुंकार

जिराफ मुका असतो, असं मी शाळेत शिकलो होतो. ते चूक आहे हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी हिंजवडीतल्या एका काचेच्या खोलीत कळलं. ज्यांच्यामुळे कळलं ते गृहस्थ नारायण पेठेतून रोज कंपनीच्या बसने यायचे. आडनाव शिंत्रे. वय चौसष्ट. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला एकच पेन, आणि कापडी पिशवीत रबरी गाद्यांचे जुने, मोठे हेडफोन. ऑफिसचे हेडफोन दिले तर ते हातात घेऊन उलटेसुलटे पाहायचे आणि परत ठेवायचे. "छान आहेत. लग्नात द्यायला बरे."

आमची कंपनी आवाजांचं काम करायची. रेकॉर्डिंग ऐकायचं, कुठे काय वाजतंय त्याची खूण करायची, आणि त्या खुणांवरून संगणकाला शिकवायचं. बहुतेक काम टेलिफोनवरच्या बोलण्याचं असे. त्या वर्षी मात्र परदेशातल्या एका प्राणिसंग्रहालयाचं काम आलं. त्यांच्याकडे जिराफांच्या चार माद्या होत्या. त्यांना रात्री वेगवेगळ्या कप्प्यांत बंद करत. कप्प्यांच्या वर माइक लावले होते, आणि रात्रभराचं रेकॉर्डिंग आमच्याकडे यायचं. खुरांचा आवाज, दाराचा, चारा ओढल्याचा, नाक फुरफुरल्याचा, अशा खुणा करायच्या. कंटाळवाणं काम. दोन मुलं सोडून गेली. मग कोणीतरी सुचवलं की ज्याला ऐकण्याचीच सवय आहे असा वयस्क माणूस बघा, आणि शिंत्रे आले.

ते तीस वर्षं कानाच्या एका डॉक्टरांकडे ऐकू येण्याची तपासणी करत होते. बंद खोलीत पेशंटला बसवायचं, कानात बारीक सूर सोडायचा, ऐकू आला की पेशंटने बोट वर करायचं. मुलाखतीत मी विचारलं, "इतकी वर्षं तेच तेच काम कंटाळवाणं नाही झालं?"

"नाही. लोक खोटं बोट वर करतात. ते पकडायचं असतं."

"खोटं कशाला करतील?"

"अहो निमकर, ऐकू आलं म्हणून कोणी बोट वर करत नाही. मागे बायको बसलेली असते म्हणून करतात."

मी हसलो. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. आपल्या विनोदावर हसलेले शिंत्रे मी कधी पाहिले नाहीत.

सुरुवातीचे काही दिवस ते गप्प होते. मग एकदा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "हे तुम्ही धुता का?"

आमच्या धंद्यात खालचे आवाज म्हणजे कचरा. पंखा, एसी, लांबून जाणारा ट्रक, सगळं खालच्या पट्टीत असतं. म्हणून ऐकणाऱ्याकडे फाईल जाण्याआधी एक लहानसा प्रोग्राम तो खालचा पट्टा कापून टाकतो. सगळेच असं करतात. तो प्रोग्राम मीच लिहिला होता आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता. मी हे सांगितलं.

"मला धुतलेलं नको," शिंत्रे म्हणाले. "मळकं द्या."

मी मळकं दिलं. चार दिवसांनी त्यांनी मला काचेच्या खोलीत बोलावलं. आमच्याकडे काम करणारी अमरावतीची मयूरीही तिथे होती. शिंत्र्यांनी एक मोठा स्पीकर टेबलावर पालथा घातला होता. म्हणाले, "तळहात टेकवा. कानाचं काम नंतर."

मी हात ठेवला. आधी काहीच नाही. मग लाकडातून एक बारीक कंप आला, थांबला, पुन्हा आला. पिठाच्या गिरणीच्या भिंतीला पाठ लावली की पाठीत जे येतं, तसं. मग त्यांनी हेडफोन दिले. पंख्याच्या घरघरीखाली, तिच्यापासून वेगळा, लांबट हुंकार होता. वर जाई, खाली येई, आणि एका ठिकाणी संपे. थोड्या वेळाने दुसरीकडून तसाच, जरा जाड हुंकार आला.

"पंखा असा दम घ्यायला थांबत नाही," शिंत्रे म्हणाले. "ही एक नंबर. आणि हिला उत्तर देतेय ती तीन नंबर."

"काका, पण जिराफ तर म्यूट असतात ना? आय मीन, लिटरली सगळीकडे तसंच लिहिलंय," मयूरी म्हणाली.

"ज्यांनी लिहिलं ते दिवसा गेले असतील. दिवसा त्या एकमेकींना बघतात. एवढ्या उंचावरून बघता येत असेल तर बोलायचं कशाला? पिल्लू बें बें करतं, आई ओरडते, त्रास दिला तर फुरफुरतात. पण हे असं, अंधारात, मधे भिंत असताना."

"काय बोलत असतील?"

"ते मला ठाऊक नाही. कोणालाच नाही. मला एवढंच ठाऊक की दोघी आहेत."

  इतके महिने ते आवाज माझ्या प्रोग्राममधून जात होते आणि मी ते कापून फेकत होतो.

शिंत्र्यांनी एक वही सुरू केली. चौकटीचा कागद, प्रत्येक मादीचं एक पान, आणि पेशंटचा आलेख काढावा तसा प्रत्येक रात्रीचा आलेख. किती वेळा, किती लांब, कोणत्या सुरात, कोणाच्या मागून कोण. मयूरीला त्यांना नावं द्यायची होती. शिंत्रे म्हणाले, "आपली त्यांची ओळख नाही. उगाच नावं ठेवू नयेत." पण ते रोज सकाळी बसमधून उतरताना मला सांगायचे, "तीन नंबर काल उशिरापर्यंत जागी होती," किंवा "चार नंबर रुसलीय." शेजारच्या बिऱ्हाडाबद्दल सांगावं तसं.

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर मंडईत गेलो. त्यांनीच बोलावलं होतं. मेथीच्या जुड्या पाहताना भाजीवाली काहीतरी बोलली आणि शिंत्र्यांनी भलतंच उत्तर दिलं. ती हसली. त्यांनी जुडी पिशवीत टाकली, चार पावलं पुढे गेले आणि पाकिटातून घडी केलेला कागद काढून मला दाखवला. त्यांचा स्वतःचा आलेख. डावीकडे, खालच्या सुरांपाशी, रेघ सरळ; उजवीकडे, वरच्या सुरांपाशी, कड्यावरून कोसळावी तशी खाली गेलेली.

"स्वतःच काढलाय," ते म्हणाले. "खालचं अंगण शाबूत आहे. माडी पडली. पक्षी गेले, कुकरची शिट्टी गेली, बायकांचं बोलणं आता मी अंदाजाने ऐकतो."

"मग कामात…"

"कामात मला अंगणच लागतं. तिथे माझ्याइतकं तुमच्या त्या पंचविशीच्या पोरांनाही येत नाही, हवं तर तपासा. पण हे ऑफिसात सांगू नका. लोक ओरडून बोलायला लागतात. तीस वर्षं पाहिलंय मी, माणूस बहिरा म्हटला की तो वेडा आहे असंच धरून चालतात."

मी म्हटलं, "नाही सांगणार." मेथी, आलं, थोडे मटार घेऊन आम्ही परत आलो.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी ते झालं.

तीन नंबर आणि एक नंबर दोघीही गाभण होत्या. तीन नंबर पुढे होती. करार पुन्हा करायचा की नाही हे त्याच महिन्यात ठरणार होतं. आमच्या कामात 'तातडीचं' अशी एक लाल खूण होती. ती केली की निरोप थेट तिकडच्या पशुवैद्याकडे जाई. खूण कोणीही सुचवू शकत होतं, पण पुढे पाठवायची की नाही हे मी ठरवायचो. पाठवली आणि काहीच निघालं नाही, तर ती आमची चूक म्हणून मोजली जाई. करार ठरण्याच्या दिवसांत लाल खूण करायची नाही, हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. तो आम्हा सगळ्यांना पाठ होता.

शिंत्र्यांनी लाल खूण केली. मी त्यांना बोलावलं.

"तीन नंबरचा आवाज बदललाय," ते म्हणाले. "पाच रात्री झाल्या. लांब हुंकार गेला. आता तुकडे तुकडे आहेत, आणि दम घ्यायला थांबत नाही. रात्रभर."

"गाभण आहे. अस्वस्थ असेल."

"असेल. पण त्यापेक्षा दुसरी गोष्ट आहे." त्यांनी वही उघडली. "बाकीच्या तिघी तिला उत्तर देत नाहीयेत. एक नंबरसुद्धा नाही. ती वाजते आणि बाकी सगळं बंद. असं एकदाही झालेलं नाही."

"म्हणजे काय?"

"अर्थ मला ठाऊक नाही. बदल ठाऊक आहे. कोणीतरी जाऊन तिला बघावं, इतकंच माझं म्हणणं."

मी ऐकतो म्हटलं. आणि ऐकलं. आता जे लिहितोय ते मी कोणाला सांगितलेलं नाही. मी धुतलेली फाईल ऐकली. दोन्ही फाईली माझ्यासमोर शेजारी शेजारी होत्या. मी धुतलेलीवर बोट ठेवलं, डोळे मिटून वीस मिनिटं मन लावून ऐकली. काही नव्हतं. असणारच नव्हतं. मी खूण बंद केली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'पंखा'.

चूक झाली असती तर आज मी हे लिहीत बसलो नसतो. चुका माणूस विसरतो. मला त्या क्षणी ठाऊक होतं की मी कोणती फाईल ऐकतोय.

दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा लाल खूण केली. ती मी न ऐकताच बंद केली. त्या दुपारी ते माझ्याकडे आले नाहीत. बसमध्ये मात्र शेजारी येऊन बसले. वाकडच्या पुलाखाली गाड्या अडकल्या होत्या, अर्धा तास बस हलली नाही. मला वाटलं आता भांडतील. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमच्याकडे एक पेशंट यायचे. सूर सोडला की डोळे घट्ट मिटायचे आणि बोट खाली. मी डॉक्टरांना सांगितलं, यांना ऐकू येतंय. येऊ द्यायचं नाहीये."

मी फोन काढून मेल चाळत बसलो. 

तिसऱ्यांदा त्यांनी खूण केलीच नाही. प्राणिसंग्रहालयात आमचं काम बघणाऱ्या एक बाई होत्या; मयूरीकडून त्यांचा पत्ता घेऊन त्यांनी थेट मेल लिहिली. मोडक्या इंग्रजीत, पण नीट. तीन नंबरला बघा, माइकवरचं मळकं रेकॉर्डिंग ऐका, वहीची चार पानं जोडली आहेत. तिकडच्या बाईंनी ती मेल मला पाठवली. खाली एकच ओळ, हे आपण गंभीरपणे घ्यावं का?

मी लिहिलं की आम्ही तपासलं आहे, तिथे फक्त पंख्याचा आवाज आहे. एवढ्यावर थांबता आलं असतं. मी पुढे लिहिलं की हे गृहस्थ अत्यंत प्रामाणिक आहेत, परंतु त्यांना स्वतःला बऱ्याच प्रमाणात ऐकू येत नाही, आणि त्याचा आलेख मी पाहिलेला आहे.

बाईंनी आभार मानले.

चौथ्या दिवशी सकाळी शिंत्रे नेहमीप्रमाणे काचेच्या खोलीत गेले, हेडफोन लावले, आणि दहा मिनिटांत काढून ठेवले. माझ्याकडे येऊन म्हणाले, "थांबलं." एवढंच. तिकडून कळवणारी मेल त्यानंतर तीन तासांनी आली. तीन नंबर पहाटे पडलेली सापडली होती. पिल्लू पोटातच आधी गेलेलं होतं, त्याचं विष आईला चढलं. आणखी काही दिवस आधी कोणी बघितलं असतं तर आई वाचली असती, असं त्यांच्या पशुवैद्याचं मत होतं. गेल्या दोन आठवड्यांत आवाजात काही वेगळं आढळलं होतं का, असंही विचारलं होतं.

मयूरी रडली. माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, काका केव्हापासून सांगत होते." मग शिंत्र्यांना विचारलं, "काका, ती त्या पिल्लाशी बोलत होती का?"

"ते मी सांगणार नाही," शिंत्रे म्हणाले. "मला ठाऊक नाही. आणि ठाऊक नसताना सांगितलं की ते फार दिवस टिकतं."

मी तिकडे उत्तर पाठवलं की काही वेगळं आढळलं नव्हतं. आणि एक सूचना केली. खालच्या पट्टीतल्या पंख्याच्या आवाजाने गैरसमज होतो, तेव्हा तो पट्टा माइकवरच कापला जावा. म्हणजे इकडे मळकी फाईल येणारच नाही. त्यांनी तसं केलं. करार झाला. नव्या करारात ऐकणाऱ्यांची कानतपासणी सक्तीची होती, आणि शिंत्रे घरी गेले. निरोपसमारंभ नको म्हणाले. मयूरीने आणलेल्या बाकरवडीतली एक खाल्ली आणि म्हणाले, "एवढी कडक बाकरवडी मला ऐकूसुद्धा येते. बरं आहे."

सहा आठवडे मी नीट झोपलो नाही. बायको म्हणाली, डॉक्टरकडे जा. मी नारायण पेठेत गेलो.

एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर. शिंत्रे जमिनीवर वर्तमानपत्र पसरून गवार मोडत बसले होते. त्यांच्या पत्नींनी पाणी दिलं आणि त्या आत गेल्या. मी सगळं सांगितलं. दोन फाईली, 'पंखा', मेल, मंडईतला कागद. ते माझ्या ओठांकडे बघत होते, हात गवारीत चालू होते. सांगून झाल्यावर मी म्हटलं, "मला माफ करा असं म्हणायलाही…"

"एक नंबरचं काय?"

मला आधी कळलं नाही.

"एक नंबर. तीही गाभण होती ना? कितवा महिना?"

जिराफाला पंधरा महिने लागतात. मी मनात हिशेब केला. "दिवस भरत आलेत."

"आणि माइकवरच कापलंय म्हणता. म्हणजे ती कशी आहे ते आता कोणालाच कळणार नाही."

"हो."

"मग इथे काय करताय?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "माझ्याकडे येऊन काय उपयोग आहे? मी बरा आहे. गवार मोडतोय."

मी तिथेच, त्यांच्या दिवाणावर बसून फोनवर मेल लिहिली. तिकडच्या बाईंना आणि आमच्या वरच्यांना, दोघांना एकदम. काही लपवलं नाही. अर्धा तास लागला. शिंत्र्यांनी वाचायला मागितली नाही. "गेली?" एवढंच विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यांनी वर्तमानपत्र गुंडाळलं, देठं आत ठेवून, आणि आत निघून गेले. त्यांच्या पत्नी मला दारापर्यंत सोडायला आल्या. "चहा राहिला," त्या म्हणाल्या.

वरच्यांनी मला नोकरी सोडायला दोन आठवड्यांची मुदत दिली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तिकडच्यांनी माइक पुन्हा मळका केला आणि एकच अट घातली, की ते मेल लिहिणारे गृहस्थ ऐकणार असतील तरच काम पुढे चालेल. मला वाटलं शिंत्रे येणार नाहीत. ते सोमवारी बसमध्ये होते. माझ्या शेजारची जागा रिकामी असूनही ते मागे जाऊन बसले. त्या दोन आठवड्यांत आमच्यात कामापलीकडे बोलणं झालं नाही, आणि मला त्याहून अधिक मागायचा हक्कही नव्हता.

माझा शेवटचा दिवस शुक्रवार. संध्याकाळी सहापर्यंत माझा पासवर्ड चालणार होता. पाच वाजून गेले असतील. मी खण रिकामा करत होतो, तेवढ्यात मयूरी आली. "सर, काकांनी लाल खूण केलीय. एक नंबर."

मी काही ऐकलं नाही. कुठलीच फाईल उघडली नाही, काय झालं म्हणूनही विचारलं नाही. खूण पुढे पाठवली. तिकडे दुपार असेल. पशुवैद्याला निरोप पोचल्याची हिरवी टिकली पडद्यावर आली.

पिशवी घेऊन निघालो तेव्हा काचेच्या खोलीवरून जावं लागलं. आत आता त्यांनी थेट माइक जोडून घेतला होता, त्या घटकेला तिकडे जे वाजतंय ते इकडे ऐकू येई; दिवस भरत आल्यामुळे एक नंबरला आता दुपारीही कप्प्यातच ठेवत. शिंत्रे खुर्ची मागे सारून उभे होते. त्यांना उभं राहून ऐकताना मी कधी पाहिलं नव्हतं. मान थोडी पुढे, डोळे उघडे, नजर समोरच्या कोऱ्या भिंतीवर. मी काचेपाशी थांबलो. त्यांना मी दिसत असणार, पण ते वळले नाहीत. मयूरी दारात उभी होती, तिनेही हाक मारली नाही. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. बसची वेळ झाली म्हणून मी निघालो.

पुढे काय झालं ते विचारून घेता आलं असतं. मयूरीचा नंबर माझ्याकडे आहे, नारायण पेठ इथून वीस मिनिटांवर. मी विचारलेलं नाही. तिथून निघताना मी एकदा मागे वळून पाहिलं होतं. शिंत्रे तसेच उभे होते. एक हात हळूहळू खुर्चीच्या पाठीकडे गेला आणि त्यांनी ती घट्ट धरली.